वीणा गळ्यात, बिल्ड अर्ध्यात

"एका दुपारचं काम आहे," असं भागवतनं सप्ताहाच्या पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. हे त्यानं एकट्या कोमलला, म्हणजे बायकोला, सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण भागवत हिंगोलीला एका कॉम्प्युटर क्लासात शिकवतो, आणि शिकवणाऱ्या माणसाचं एका श्रोत्यावर भागत नाही. त्यानं ते मंडपात सांगितलं, पंगतीत वाढता वाढता सांगितलं, आणि सेनगावच्या जीपमध्ये मांडीवर कोंबडी घेऊन बसलेल्या एका अनोळखी बाईलाही सांगितलं. बाई म्हणाली, "बरं." इतक्या मनापासून "बरं" त्याला पुढच्या अख्ख्या सप्ताहात कुणी म्हणालं नाही.

काम होतं ते वडिलांसाठी. किसनराव म्हणजे आमच्या गावचा मृदंग. माणसाचं आणि वाद्याचं नाव वेगळं घ्यायची गावात पद्धतच राहिली नव्हती. "किसनराव आले का?" म्हणजे मृदंग आला का, आणि मृदंग ऐकू आला म्हणजे किसनरावांचा खोकला बरा झाला. पण यंदा हळद शिजवताना कढईजवळच्या चिखलात त्यांचा पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. हिंगोलीच्या डॉक्टरनं आत सळई घातली आणि बजावलं, बाजेवरून उठायचं नाही. बाज आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात. आखाडा ओढ्यापलीकडं. तिथवर मंडपातला आवाज येत नाही. वारा सरळ असला तर नुसतं काहीतरी घुमल्यासारखं वाटतं, बंद डब्यात भुंगा अडकल्यावर वाटतं तसं.

सप्ताह उभा राहिला आणि किसनरावांनी भिंतीकडं तोंड केलं. बोलणं बंद. भाकरीचा चतकोर तुकडा मोडायचा आणि ताट सरकवायचं. मृदंगावर त्यांच्या जागी पुतण्या हरीश बसला. त्याच्याबद्दलही त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

भागवतला ते बघवेना. तो स्वतः कीर्तनावर जीव टाकणारा. ज्या माणसाच्या हाताशिवाय जयघोष उठला नाही, त्याला त्याच दिवसांत भिंतीचे पोपडे मोजत पडावं लागणं म्हणजे काय, हे त्याला कळत होतं. तो बाजेशी बसला आणि म्हणाला, "बाबा, काल्याचं कीर्तन तुमाला हितं दावतो. बाजंवर. महाराज समोर उभे राहिल्यावानी."

किसनरावांनी मान वळवून त्याच्याकडं एकदा बघितलं आणि परत भिंतीकडं वळले. त्या एका बघण्यावर भागवत पुढचे सगळे दिवस राबला.

कीर्तन इंटरनेटवर दिसणार होतं. मंडप आणि माइक दरवर्षी सेनगावचा शाकीर लावतो, आणि यंदा तो कॅमेराही घेऊन आला होता. कोमल म्हणाली, "मंग मोबाइलवर दावा की." दाखवून बघितलं. किसनरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत आलेला. त्यांनी मोबाइल जवळ धरला, लांब धरला, आणि परत दिला. "ह्याच्यात मला मुंग्या दिसून राहिल्या," एवढंच म्हणाले.

म्हणजे मोठा पडदा पाहिजे. क्लासाच्या अडगळीत एक कॉम्प्युटर पडला होता. पडदा ऐसपैस, बाकी सगळं म्हातारं. मालक म्हणाला, घेऊन जा, तेवढीच जागा होईल. भागवतनं तो गादीत गुंडाळून जीपच्या टपावरून आणला. त्यात लिनक्स होतं, पण डेस्कटॉप नव्हता. म्हणजे चौकटी, चित्रं, बाण असं माणसाला कळेल असं काहीच नाही, नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. इतक्या जुन्या मशीनला चालेल असा तयार डेस्कटॉप आता कुणी देत नाही, असं भागवतचं म्हणणं. मात्र एका हलक्या डेस्कटॉपचा मूळ कोड इंटरनेटवर मिळत होता. तो आणायचा आणि त्याच मशीनवर स्वतः बांधून काढायचा. याला बिल्ड म्हणतात. वरणात चिमूटभर हळद पाहिजे म्हणून आधी वावर नांगरायला घ्यावं, तसला हा प्रकार.

"तयार काहीच मिळत न्हाई का?" कोमलनं विचारलं.

"शोधलं तर मिळंल काहीतरी. पण तयार गोष्टीत आपली सेवा कुठं झाली?"

"सेवाच करायची तर बैलाला पाणी दावा. सकाळपसून उभा हाय."

पहिल्या दुपारी मशीन म्हणालं, अमुक एक फाइल नाही. भागवतनं आणली. मग म्हणालं, हिच्यासोबतची दुसरी नाही. तीही आणली. दुसरी म्हणाली, मला पहिली याहून नवी लागते. पहिलीची नवी आणली, तर ती म्हणाली, माझ्यापुढं ही दुसरी फार जुनी. समोरच्यानं आधी उठून हात जोडावेत म्हणून दोन व्याही आपापल्या गादीवर बसून राहतात आणि नवरदेव घोड्यावर उन्हात तापत राहतो, तशी गत झाली. नवरदेव म्हणजे भागवत.

बरं, चूक झाली तर मशीननं ती एका वाक्यात सांगावी. ते पडदाभर ओळी ओकायचं. खरी चूक वर कुठंतरी एका ओळीत, आणि खाली तिचा नुसता विस्तार. एखादे नवखे महाराज दृष्टांत सांगता सांगता इतके लांब निघून जातात की कोणत्या चरणावरून निघालो होतो ते त्यांनाही आठवत नाही आणि टाळकऱ्यांनाही, तसं. भागवत आयुष्यभर अशी कीर्तनंसुद्धा प्रेमानं ऐकत आला होता, म्हणून टिकला. दुसरा असता तर त्यानं मशीन ओढ्यात नेऊन टाकलं असतं.

त्यात वीज जायची. वीज आली की मशीन जागं व्हायचं, पण त्याच्या आतल्या घड्याळाचा सेल मेलेला असल्यामुळं त्याला वाटायचं आपण अजून कित्येक वर्षं मागं आहोत. मग ते कामाला बसायचं आणि तक्रार करायचं की या फाइली तर पुढच्या काळातल्या आहेत, अजून झालेल्याच नाहीत, यांना मी हात कसा लावू. दर वेळी त्याला आजची तारीख सांगून माणसात आणावं लागे.

"आजेसासऱ्यांना शेवटी शेवटी असंच सांगावं लागायचं," कोमल म्हणाली. "पर ते निदान आयकून तरी घ्यायचे."

एकदा सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असताना पडद्यावर एकच शब्द उमटला आणि काम थांबलं. किल्ड.

"मारलं म्हणतंय," कोमल म्हणाली. "कुणाला?"

"स्वतःच्याच कामाला. मेमरी पुरली नाही त्याला. मी चार कामं एकदम सांगितली होती."

"म्हंजे एका खोलीत चार पंगती बसवल्या. एकच बसवा की."

भागवतनं एकच पंगत बसवली. मशीन मरायचं थांबलं, पण आता ते अशा चालीनं जेवू लागलं की अमावास्येला पान वाढावं तर पुनवेला हात धुवायला उठावं. गावात जो तो विचारायचा, "झालं का रं एका दुपारचं?" सप्ताहाचे कारभारी उकंडराव तर रोज विचारायचे, आणि उत्तराची वाट न बघता पुढं जायचे. भागवतला जेवताना भाकरीवर पांढरी अक्षरं दिसू लागली. संध्याकाळच्या कीर्तनात महाराज म्हणाले, "माणसाचं नेमकं चुकतं कुठं?" तर हा दचकून म्हणाला, "वरच्या ओळीत बघा." शेजारच्यांनी माना डोलावल्या.

काल्याच्या दिवशी सकाळी मात्र दोन्ही व्याह्यांनी एकदाचे हात जोडले. बिल्ड सुरू झालं आणि सुरूच राहिलं. पडद्यावरून अक्षरं वर पळत होती आणि कुठंही चुकीची लाल ओळ दिसत नव्हती. भागवतनं आंघोळ केली, गंध लावलं, कोमलला समजावलं. अक्षरं पळत आहेत तोवर हात लावायचा नाही, थांबली तर फोन करायचा, आणि चित्रं आली की कोणत्या चित्रावर बाण नेऊन कीर्तन लावायचं. मग दोघांनी मिळून किसनरावांची बाज पडद्याकडं फिरवली. त्यामुळं भिंत त्यांच्या पाठीमागं गेली, तर ते मान मुरडून तिच्याकडंच बघू लागले.

"मी नुसता माथा टेकून येतो," भागवत म्हणाला. "गेलो आन् आलो. कीर्तन तुमच्याशेजारी बसून बघणार हाय मी, बाबा."

मंडपात त्या वेळी फारसं कुणी नव्हतं. दिंडी गावातून फिरायला गेली होती, आणि उरलेले आचाऱ्यांच्या हाताखाली. व्यासपीठासमोर उकंडराव वीणा घेऊन उभे होते आणि पुढ्यात टाळ घेऊन तीन म्हातारे आणि रुक्माबाई बसल्या होत्या. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. रात्रंदिवस कुणीतरी ती गळ्यात घेऊन उभा राहतो आणि नाम घेतो. दुसरा आला की ती त्याच्या गळ्यात जाते आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात. आणि वीणा गळ्यात असेपर्यंत तोंडातून नामाशिवाय दुसरा शब्द काढायचा नाही. हे कुठं लिहिलेलं नाही, लिहायची कधी गरजच पडली नाही.

भागवतनं माथा टेकला. तो वर उचलला तेव्हा वीणा त्याच्या गळ्यात होती आणि उकंडराव त्याच्या पाया पडत होते.

"जरा धर बाबा," ते कंबर सरळ करत म्हणाले. "तोंडावर पाणी मारून येतो."

भागवतच्या तोंडून "रामकृष्णहरी" निघालं, कारण आता दुसरं काही निघू शकत नव्हतं. उकंडराव पाण्याच्या टाकीपाशी गेले. टाकीच्या पुढं गेले. रस्त्यावर एक जीप हॉर्न देत उभी होती, तिच्यात चढले. हिंगोलीच्या बाजारात त्यांच्या हळदीचा नंबर आज लागणार होता, हे सकाळपासून सगळ्या गावाला माहीत होतं. भागवतला माहीत नव्हतं, कारण भागवत सप्ताहभर काळ्या पडद्यासमोर बसून होता.

वीणेचा पुढचा पहारेकरी पुऱ्यांच्या कढईवर होता, दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेत. टाळ घेऊन बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी दोघांना गुडघे होते आणि तिसऱ्याला दमा. भागवतनं एकेकाकडं केविलवाणं बघितलं. त्यांना वाटलं पोराला भाव दाटून आला, म्हणून त्यांनी टाळाचा ठेका जरा वाढवला.

खिशात फोन वाजला. भागवतनं एका हातानं तो लावला, स्पीकर सुरू केला आणि परत खिशात ठेवला.

"अहो, थांबलं," कोमलचा आवाज आला.

"रामकृष्णहरी," भागवत म्हणाला.

"रामकृष्णहरी. थांबलंय म्हणलं."

"रामकृष्णहरी."

"मी काय नमस्कार करायला फोन केला का? वीज जाऊन आली, आन् आता ते पुढं सरकत न्हाई. काय करू?"

"रामकृष्णहरी," भागवत शक्य तितकं अर्थपूर्ण म्हणाला.

मग कोमलनं हळूच विचारलं, "वीणा घेतली का गळ्यात?"

"रामकृष्णहरी," भागवत म्हणाला, आणि त्यात इतकं दुःख होतं की रुक्माबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

त्याच्यापुढं आता दोनच वाटा होत्या. बोलावं तर वीणेचा नेम मोडतो. न बोलावं तर बाबांचं कीर्तन जातं, आणि बाबा परत भिंतीकडं वळले तर पुन्हा कधी इकडं वळतील याचा भरवसा नाही. भागवतनं डोळे मिटून पांडुरंगाची क्षमा मागितली आणि मधली वाट काढली. नाम चालीत घेतलेलं चालतं. मग चालीच्या पोटात, दोन नामांच्या मध्ये, एखाददुसरा गरजेचा शब्द आला तर ते बोलणं कशाला म्हणायचं? त्यानं सूर लावला.

"रामकृष्णहरी, वरची ओळ वाच, रामकृष्णहरी."

आता टाळकऱ्यांचा धर्म असा की पुढच्यानं म्हटलं की मागच्यांनी ते उचलायचं. तिन्ही म्हाताऱ्यांनी डोळे न उघडता उचललं, "वरची ओळ वाच, रामकृष्णहरी."

कोमल गोंधळली. "किती लोकं हायेत तिथं? सगळ्यांनी सांगायची गरज न्हाई, मला कळलं." मग तिनं वरची ओळ एकेक अक्षर लावत वाचली. फाइल पुढच्या काळातली आहे, घड्याळ जुळत नाही. नेहमीचंच.

"तारीख घाल गं, आजची तारीख घाल," भागवत गायला.

"तारीख घाल गं, आजची तारीख घाल," टाळकरी गायले. रुक्माबाईंना ते चरण फारच लागलं. त्यांनी ते वरच्या पट्टीत एकट्यानं पुन्हा घेतलं आणि शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाल्या, "किती खरं हाय. उद्याचं कुणाला ठावं?"

फोनमधून खोकल्याचा आवाज आला. मग एक घोगरा, गंज चढलेला आवाज. भागवतचं काळीज लक्कन हललं, कारण तो आवाज बाबांचा होता आणि त्यानं तो कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

"मामा बोलले," कोमल कुजबुजली. "तुमची लय सुटली म्हंतात. ओढू नको म्हणावं त्याला."

भागवतनं लय आवरली. त्याचे डोळे भरून आले होते, आणि पाय दुखत होते, आणि यातलं नेमकं कशामुळं काय होतंय हे सांगता येत नव्हतं.

बिल्ड पुढं सरकलं. मूळ डेस्कटॉप झाला, आता त्याची बारकी अंगं राहिली होती. नेमकी त्याच वेळी दिंडी परत आली. पताका, टाळ, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया, सगळा मंडप भरू लागला. हरीशनं मृदंग पुढ्यात घेतला आणि घुमारा यावा म्हणून डाव्या तोंडाला कणीक थापायला बसला. महाराज आले, त्यांना हार घातला, ते व्यासपीठाशी टेकले. आता केव्हाही कीर्तन उभं राहणार होतं. उकंडरावांचा पत्ता नव्हता.

"प्रिंटरचं काहीतरी सापडत न्हाई म्हणतंय," कोमलचा आवाज आला. "घ्यायचं का वगळायचं, असं इचारून राहिलं."

"वगळ, वगळ, रामकृष्णहरी," भागवतनं घाईनं गाऊन टाकलं.

"वगळ, वगळ, रामकृष्णहरी," टाळकऱ्यांनी उचललं. दिंडीतून आलेल्यांना वाटलं चाल आधीपासूनच सुरू आहे. सगळ्यांचे टाळ एकदम तिच्यात मिसळले.

"ब्लूटूथ."

"वगळ, वगळ."

आता सगळा मंडप गात होता. कुठल्याशा वैराग्याच्या अभंगाचं हे धृपद असावं अशी सगळ्यांची समजूत झाली, आणि खोटं कशाला सांगू, चाल चांगली लागली होती. महाराजांनीही डोळे मिटून मांडीवर बोटानं ठेका धरला. माइकच्या पेटीशी बसलेल्या शाकीरनं दम्याच्या म्हाताऱ्याला विचारलं, "काका, हे कोणाचं हाय? आपण कव्हा आयकलं न्हाई."

"जुनं हाय," म्हातारा डोळे न उघडता म्हणाला.

"ऑडिओ," कोमलनं वाचलं.

"वगळ, वगळ," भागवत म्हणाला. पाठोपाठ अख्ख्या गावानं त्याला तीनदा दुजोरा दिला.

"वगळलं," कोमल म्हणाली. "अहो, झालं. उजेड पडला. चित्रं आली, बाण बी आला. ठेवते आता, मामांना उशी लावते." फोन बंद झाला.

महाराज उठले. टाळ थांबले. भागवतला इतकं हलकं वाटलं की वीणा गळ्यात आहे हेही तो क्षणभर विसरला. शाकीरनं कॅमेऱ्यामागून अंगठा दाखवला, सुरू झालं. मग महाराजांनी जयघोष दिला, हरीशनं मृदंगावर पहिली थाप मारली, आणि तो भरदार आवाज मंडपाच्या कापडाला धडकून परत आला तेव्हा भागवतला आठवलं की ऑडिओ म्हणजे आवाज.

वीणेकरी कीर्तनात महाराजांच्या जवळ उभा राहतो. त्याला हलता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा काल्याचं कीर्तन भागवतपासून हाताच्या अंतरावर झालं आणि त्याच्या कानात एक अक्षर शिरलं नाही. महाराजांनी कृष्णाच्या खोड्या सांगितल्या, मंडप हसला. गोपाळांच्या शिदोऱ्या सांगितल्या, बाया रडल्या. भागवतला मात्र डोळ्यांपुढं एकच दिसत होतं. बाजेवर बाबा, समोर मोठा पडदा, आणि त्यावर तोंडं उघडताहेत, मिटताहेत, टाळ एकमेकांना लागताहेत, मृदंगावर हात पडताहेत, आणि सगळं मुकं. ज्या माणसानं जन्मभर गावाला आवाज दिला, त्याला मुलानं बिनआवाजाचं कीर्तन दाखवलं. कॅमेरा त्याच्यावर आला की तो त्यातून माफी मागितल्यासारखा चेहरा करी. खिशात फोन एकदा थरथरला. त्यानं तो उचलला नाही, उचलून तरी काय गाणार होता?

हंडी फुटली, लाह्या उधळल्या, काला वाटून झाला, आणि उकंडराव उगवले. कोपरापर्यंत पिवळे झालेले. त्यांनी वीणा गळ्यात घेतली. एकाच्या गळ्यातून निघून दुसऱ्याच्या गळ्यात पडेपर्यंतच्या मधल्या वेळात भागवतनं एवढंच विचारलं, "तोंडावर पाणी मारायला हिंगोलीपर्यंत गेलते का?"

"तिथलं पाणी थंड लागतं," उकंडराव म्हणाले, आणि वीणा गळ्यात पडताच नामात शिरले. त्यामुळं पुढं काही बोलायची सोय राहिली नाही.

भागवत ओढा ओलांडून आखाड्याकडं निघाला. काय सांगायचं याची त्यानं वाटेत चार वेळा जुळणी केली आणि चारही वेळा ती मध्येच अडली.

दारात कोमल उभी होती. तिनं ओठावर बोट ठेवलं.

आत किसनराव दोन उश्यांना टेकून बसले होते, पडद्यापासून वीतभर अंतरावर. पुढ्यात ताट, ताटात दुसऱ्या भाकरीचा शेवटचा तुकडा. पडद्यावर झालेलं कीर्तन पुन्हा पहिल्यापासून लावलेलं, आणि खोलीत आवाज फक्त किसनरावांच्या चावण्याचा.

"बाबा," भागवत खाली बसला. "आवाजाचं माझ्याकडून..."

"थांब. बोलू नको. हे बघ." किसनरावांनी पडद्यावर बोट टेकवलं. "हितं. हितं हात उशिरा पडला त्याचा."

"व्हय, पर आवाज..."

"आन् हे आता. हे बघ, ह्या वळणावर सम आली आन् ह्यो कुठं? ह्यो महाराजाकडं बघून राहिला. कणीक बी जास्त लावली. मी काय सांगतलं होतं त्याला? तिसऱ्यांदा थापून राहिला, लेकाचा." त्यांचा चेहरा खुलला होता. चुका मोजता मोजता एका हाताची बोटं संपून ते दुसऱ्या हातावर गेले होते.

"मी म्हणलं, फोन लावते, आवाज त्यातून आयका," कोमल म्हणाली. "तर नको म्हणले. मोडता येतो म्हणले."

"येतोच," किसनराव म्हणाले. "आवाज असला की देव दिसतो, पोरा. मंग चुका कोण बघंल? जल्म गेला वाजवण्यात, पर नुसते हात आज पहिल्यांदा बघून राहिलो." त्यांनी शेवटचा तुकडा तोंडात टाकला. "तू बी दिसलास. वीणा घेऊन असा उभा, की पोलिसानं धरून आणलंय."

बाहेर पावलं वाजली. हरीश आला होता, हातात काल्याचा द्रोण, अंगावर अजून लाह्या. किसनराव बोलत नाहीत हे त्याला माहीत होतं, तरी आला होता. त्यानं द्रोण बाजेवर ठेवला आणि पायांपाशी उभा राहिला. मोठा बाप्या माणूस, दोन लेकरांचा बाप, पण हात कुठं ठेवावेत ते त्याला सुचेना.

"काका," तो म्हणाला, "दिसलं का? कसं झालं?"

कोमलनं जमिनीकडं बघितलं. लयीच्या बाबतीत या माणसानं आजवर कुणाचीही भीड ठेवलेली नव्हती, मोठमोठ्या महाराजांचीसुद्धा.

किसनरावांनी द्रोणातल्या चार लाह्या तोंडात टाकल्या. सावकाश चावल्या. पडद्याकडं बघितलं, पुतण्याकडं बघितलं.

"आवाजात तर," ते म्हणाले, "मला कुठंच खोट सापडली न्हाई बाबा."

हरीशनं वाकून पायांवर डोकं ठेवलं, आणि किसनरावांनी ते ठेवू दिलं, वर पाठीवर दोनदा थोपटलंही. मग तो गेला, आणि जाताना त्याची चाल अशी होती की ओढ्याला पाणी असतं तरी त्याचे पाय भिजले नसते.

तो लांब गेल्याची खात्री झाल्यावर भागवत म्हणाला, "मी आवाज बसवून देतो, बाबा. पुढच्या आठवड्यात बसतो त्याच्यामागं. परत पहिल्यापसून बिल्ड करावं लागंल, पर करतो."

"काही बसवू नको," किसनराव पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. "एकादशीला भजन हाय. पोरगं परत इचारायला येईल, आन् मला खोटं बोलता येत न्हाई."